पाळणाऱ्यालाच भोवणारे नियम

महोदय,

ऑनलाइन डावपेचांचे खेळ मी बरीच वर्षे खेळते. त्यातला एक अन्याय मला सतत टोचतो. ज्यांचे पालन तपासण्याची सोयच नाही असे नियम तिथे सर्रास केले जातात.

‘डिप्लोमसी’ हा १९५९ साली बाजारात आलेला, पटावर सैन्ये हलवण्याचा सात जणांचा खेळ. त्याचा एक प्रकार ऑनलाइन खूप खेळला जातो. त्यात खेळाडूंनी आपसात बोलायचेच नसते, निरोपांची खिडकी बंदच असते. पण दोघांनी फोनवर संगनमत केले तर सर्व्हरला काय कळणार? सगळ्यांचे हुकूम, म्हणजे सैन्यांना दिलेले आदेश, एकाच वेळी उघडतात, त्यामुळे ठरवून खेळलेली चाल आणि अचूक अंदाज अगदी सारखे दिसतात. माझ्या एका डावात दोन शेजाऱ्यांची सैन्ये शेवटपर्यंत एकदाही एकमेकांना आडवी गेली नाहीत. तक्रार केली, पण पुरावा काय देणार? कदाचित ते दोघे निर्दोषही असतील. माझ्या मनात मात्र किल्मिष राहिले, आणि तेच मला जास्त लागले.

पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात एकेका चालीला कित्येक दिवस मिळतात. घरी बसून इंजिनाला, म्हणजे उत्तम चाल शोधून देणाऱ्या संगणक-प्रणालीला, विचारणाऱ्याला कोण अडवणार? तिथल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने हे ओळखून इंजिनाची मदत खुली ठेवली आहे. परिणामी वरच्या पातळीवर जवळजवळ सगळेच डाव बरोबरीत सुटतात, हे मान्य. इंजिनावर बंदी घालणारी संकेतस्थळे खेळाडूच्या चाली इंजिनाच्या चालींशी ताडून पाहतात. त्यात प्रत्येक चाल विचारून खेळणारा सापडेल, पण मोक्याच्या एकाच चालीसाठी विचारणारा बहुधा निसटतो. बंदी पाळणारा मात्र रात्रभर डोके खपवून हरतो.

जिथे शक्य आहे तिथे नियम खेळाच्या रचनेतच बसवावा. फासा खेळाडूच्या यंत्रावर न पडता सर्व्हरवर पडला, तर जुना डाव उघडून पुन्हा दान टाकता येत नाही. नकाशाचा झाकलेला भाग खेळाडूकडे पाठवलाच नाही, तर डोकावून पाहायला काही उरत नाही. डाव संपेपर्यंत नावे लपवली, तर निदान जुनी दोस्ती नव्या डावात आणणे अवघड होते.

फोनवरच्या संगनमतासारखे जे उरते, त्यावरची बंदी ओळखीच्या मंडळींच्या डावापुरती ठेवावी. गुणांकनाच्या स्पर्धांत आयोजकांनी प्रत्येक नियमापुढे तो कसा तपासणार हे लिहावे. जिथे लिहिता येणार नाही, तो नियम काढून टाकावा.

– एक वाचक