तबला इथं आणू नका म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जॅझ आणि फंक या अमेरिकन संगीतप्रकारांवरचा लेख वाचला. म्हणजे सोमवारी वाचला, कारण आमच्याकडं रविवारची पुरवणी सोमवारी येते, त्याबद्दल शेवटी बोलतो. लेख अभ्यासपूर्ण आहे यात शंका नाही. एवढी नावं एका पानात बसवायची म्हणजे सोपं काम नाही, मला लग्नपत्रिकेत सगळे काका-मामा बसवताना घाम फुटतो (झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे माझं). पण शेवटाकडं लेखकमहाशयांनी जे दोन बार उडवलेत, एक म्हणजे मराठी कानाला जॅझ कळायचं तर आधी 'तयारी' पाहिजे आणि दुसरा म्हणजे फंक हे पायांचं संगीत आहे, डोक्याचं नाही, ते वाचून काल अख्खा दिवस माझं डोकं फिरलेलं होतं आणि एका गिऱ्हाईकाचं आधार कार्ड मी दोनदा उलटं छापलं.

हा 'तयारी' शब्द मी आधी ऐकलाय. मागच्या वर्षी पुण्यात एका ठिकाणी जॅझचं श्रवणसत्र होतं. तीनशे रुपये फी, चहा धरून. मी दुकान बंद ठेवून एसटीनं गेलो, जाऊन-येऊन दहा तास. जॅझमधला ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, त्याची 1959 सालची ती प्रसिद्ध रेकॉर्ड 'काइंड ऑफ ब्लू' लावणार होते, जी मी दुकानात मोबाईलवर शंभरवेळा ऐकलीय पण मोठ्या स्पीकरवर कधीच नाही, म्हणून गेलो. पहिलंच गाणं साधारण नऊ मिनिटांचं, ते ऐकायला आम्हाला पाऊण तास लागला, कारण बोलणारे गृहस्थ मधे मधे बंद करून समजावत होते. समजवा की, आमचं काही म्हणणं नाही. पण सुरुवातीला तो पॉल चेंबर्स बासवर एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोनच सुरांत त्याला उत्तर देतात, शाहिराच्या मागं झीलकरी 'जी जी' म्हणतात अगदी तसं. मग हळूहळू ते बांधत नेतात आणि जिमी कॉबची झांज एकदाच खणकन पडते आणि तिच्यावर माइल्सचा ट्रंपेट सुरू होतो. माझ्यासाठी अख्ख्या रेकॉर्डमधली जागा कुठली म्हणाल तर ती. अंगावर काटा येतो, दरवेळी येतो, आणि मी काही तयारीबियारी केलेली नाही. तर या गृहस्थांनी नेमकं ती झांज पडायच्या आधी बटण दाबलं! आणि 'मोडल' म्हणजे काय ते सांगायला लागले. अहो, गवई समेवर यायच्या आत कुणी माईकची वायर काढली तर तुम्ही काय कराल? माझ्या तोंडून 'अरे अरे' निघालं, सगळे वळून बघायला लागले.

पुढं त्यांनी जॅझ पियानोवाला डेव्ह ब्रुबेक, त्याच्या चौकडीचं ते पाच मात्रांचं 'टेक फाइव्ह' लावलं, पॉल डेसमंडनं बांधलेलं, तेपण 1959 चंच. माझा हात आपोआप मांडीवर गेला. शाळेत असताना तीन वर्षं तबला शिकलोय, दोन परीक्षा दिल्या मग सुटला. मी शेजारच्याला हळूच म्हटलं की हा तर अर्धा झपताल आहे, फक्त उलटा, आपल्यात आधी दोन मग तीन आणि यांच्यात आधी तीन मग दोन. तर ते गृहस्थ माईकवरून म्हणाले, "कृपया तबला इथं आणू नका." लोक हसले. मी पण हसलो, काय करणार. चहा मात्र घेतला नाही.

परतीच्या एसटीत साताऱ्यापर्यंत मला उत्तर सुचलं नाही. नंतर घरी येऊन शोधलं आणि मग जे सापडलं ते लेखकमहाशयांनीही ऐकावं म्हणून सांगतो. तबला मी नाही आणला, माइल्स डेव्हिसनंच आणला! 1972 च्या त्याच्या रेकॉर्डवर बादल रॉय तबला वाजवतोय आणि सोबत सतारही आहे. हा बादल रॉय न्यूयॉर्कला संख्याशास्त्र शिकायला गेलेला बंगाली माणूस, तिथं इंडियन हॉटेलात वेटरचं काम करायचा आणि तसल्याच हॉटेलात तबला वाजवायचा. तबल्याची तयारी म्हणाल तर सुरुवात घरच्याच नातेवाईकाकडून झालेली. आणि गंमत म्हणजे ती रेकॉर्ड पक्की फंकच्या अंगानं जाणारी आहे आणि आली तेव्हा तिथल्या जॅझवाल्या जाणकारांनी तिला धू धू धुतली होती. म्हणजे बटण दाबणारे तिकडंही होतेच. बाकी ब्रुबेक स्वतः 1958 ला भारतात येऊन गेलेला, त्याला आपल्या तालांची ॲलर्जी असल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आता ते पायांचं संगीत. फंकवाला जेम्स ब्राऊन, त्याचं 1967 चं 'कोल्ड स्वेट' लावा, घामाच्या नावाचं, आणि नुसती पहिली मात्रा पकडून बसा. तो बँडला सांगायचा की सगळ्यांनी 'वन'वर या, बाकी मधे काय करायचं ते करा. याला आपण सम म्हणतो हो! चुकीचा सूर लागला की वाजवणाऱ्याला तो दंड करायचा, पगारातून कापायचा, म्हणजे गंमतजंमत म्हणून चाललेलं नव्हतं ते. आणि त्याचा ड्रमर क्लाइड स्टबलफिल्ड, त्याचा 1969 ला रेकॉर्ड केलेला तो काही सेकंदांचा नुसत्या ड्रमचा तुकडा पुढं शेकड्यांनी गाण्यांत उचलला गेला, आणि त्या बिचाऱ्याला त्याचे हक्काचे पैसे काही मिळाले नाहीत. मी तो तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या मिरवणुकीतली हलगी आठवली, मोठे ठोके मोजके आणि मधे मधे ती बारीक बारीक कुजबुज, जी ऐकायला कान द्यावा लागतो. हलगीवाल्याला कुणी विचारतं का, डोकं वापरतोस की पाय? जॅझ पियानोवाला हर्बी हॅनकॉक, त्याच्या 1973 च्या फंक रेकॉर्डवर एकजण बिअरच्या बाटलीत फुंकून ताल धरतो, मी दुकानात सोड्याच्या बाटलीत करून बघितलं, दोन मिनिटांत चक्कर आली. डोक्याला आली, पायांना नाही.

मराठी कानाचं म्हणाल तर आमचे वडील मिलमधून आले की रेडिओवर संगीतकार सी. रामचंद्र लागायचे. सी. रामचंद्र म्हणजे चितळकर, आपल्या पुणतांब्याचे आणि त्यांच्याकडं ट्रंपेटला गोव्याचा चिक चॉकलेट, ज्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. वडिलांना जॅझ हा शब्द आयुष्यात माहीत नव्हता पण ट्रंपेट आला की हातातला चहाचा कप थांबायचा. तेवढी तयारी त्यांची होती.

लेखासोबतच्या फोटोबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतोच. खाली छापलंय 'सॅक्सोफोनवादक' आणि त्या माणसाच्या हातात ढळढळीत ट्रंपेट आहे. आमच्याकडं लग्नाच्या बँडमधलं शेंबडं पोरगं पण ओळखेल. जाणकारांच्या लेखाला निदान जाणकारांचा फोटो तरी लावा.

आणि ते पुरवणीचं. रविवारची पुरवणी सोमवारी येते आणि त्यातल्या शब्दकोड्याचं उत्तर सोमवारच्याच अंकात छापलेलं असतं, म्हणजे कोडं आणि उत्तर एकाच गठ्ठ्यात दारात पडतं. आमच्या सौ. गेली वीस वर्षं कोडं सोडवतात. हल्ली अंक आला की मला आधी ते पान काढून दुकानात न्यायला लागतं. तेवढं बघा.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर