इनुविकहून पत्र

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या इनुविक गावी पोचलो. दादाची व्हॅन चिखलाने इतकी माखली आहे की ती मुळात पांढरी होती हे आईला पटेना. पुढच्या काचेला खडीचा टवका बसला, मागचं एक टायर गेलं. डॉसन सिटीला पेट्रोलपंपावर सगळेच सांगत होते, दोन स्टेपन्या असल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऐकलं ते बरं झालं.

तू फोनवर विचारलंस, बर्फ बघायला एवढ्या लांब कशाला? अगं, जूनमध्ये बर्फ दिसतोय कुठे! तो आहे रस्त्याच्या खाली. हे दादाला सांगून उपयोग नाही, तो संगणकातला माणूस. तुला सांगायला हवं, तूही माझ्यासारखी रस्त्याच्या खात्यातली.

एडमंटनहून डॉसन क्रीकपर्यंत नुसती शेतं. तिथून अलास्का हायवे सुरू होतो. १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, अमेरिकी लष्कराने दहा हजारांवर सैनिक लावून आठेक महिन्यांत हा रस्ता काढला. त्यांतले जवळजवळ एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांचं श्रेय कित्येक वर्षं कुणी नीट सांगितलंच नाही. उत्तरेकडच्या भागात त्यांनी आपण करतो तेच केलं: झाडझाडोरा तोडला, वरचं शेवाळ आणि माती खरवडून काढली. खालची कायमची गोठलेली जमीन उघडी पडली, तिला ऊन लागलं आणि यंत्रं चिखलात रुतली. मग ओंडके आडवे टाकून त्यांवर भराव घालावा लागला.

वाटेत वॉटसन लेकला गावांच्या पाट्यांचं जंगल आहे. त्याच १९४२ साली घरची आठवण आलेल्या एका सैनिकाने आपल्या गावाची पाटी ठोकली, आता तिथे हजारो आहेत. आईने 'सातारा' शोधत सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मिळाली नाही. युकॉन हा इथला प्रदेश आकाराने महाराष्ट्राच्या दीडपट, पण माणसं पन्नास हजारसुद्धा नाहीत, आणि त्यांतली बहुतेक व्हाइटहॉर्समध्ये. बाकी रानगवे, अस्वलं आणि डास. डासांवर आई स्वतंत्र पत्र लिहिणार आहे.

आता खरा रस्ता. डॉसन सिटीजवळून (हे डॉसन क्रीकहून वेगळं गाव) डेम्पस्टर हायवे फुटतो तो इनुविकपर्यंत, सव्वासातशे किलोमीटरच्या वर, जवळजवळ सगळा खडी-मुरमाचा. काम १९५९ला सुरू झालं, मध्ये कित्येक वर्षं रखडलं, १९७९ला रस्ता खुला झाला. इथे जमीन कापणं जवळजवळ नाहीच, नुसता भराव. खालच्या शेवाळाला हात न लावता त्यावर कुठे चार फूट तर कुठे आठ फूट जाडीची मुरमाची गोधडी. फरक एवढाच की ही गोधडी थंडी आत राहावी म्हणून घातली आहे. भरावाच्या पायथ्याशी पाणी साचलं की खालचा बर्फ वितळतो आणि रस्ता खचतो. म्हणून सगळं लक्ष रस्त्याखालून पाणी काढून देणाऱ्या मोऱ्यांवर.

ईगल प्लेन्सपर्यंत पहिल्या ३६९ किलोमीटरमध्ये पेट्रोल नाही, दुकान नाही. काही ठिकाणी रस्ता रुंद केलाय, अडीनडीला तिथे विमान उतरतं. देखभालीसाठी मध्ये दोन कॅम्प आहेत. त्यांतल्या ओगिल्व्ही कॅम्पच्या अलीकडे एक ग्रेडरवाला (रस्ता सपाट करायचं यंत्र चालवणारा) भेटला. आम्ही टायर बदलत होतो, तर त्याने न बोलावता यंत्र थांबवलं, पाणी आहे का विचारलं. (इथे उभ्या गाडीजवळ सगळेच थांबतात. दादा कुणाला 'थँक यू' म्हणाला की ते गोंधळतात.) मी रस्त्याच्या खात्यातला कळल्यावर गडी खुलला. त्याला कुठली मोरी हिवाळ्यात बर्फाने भरते, कुठे दरवर्षी कडा खचते, सगळं तोंडपाठ. नकाशा लागत नाही. मला आपल्या पसरणी घाटातले जुने मैलकुली आठवले.

पुढे पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या, आणि मधल्या दिवसांत रस्ता बंद. लोक त्या हिशेबानेच वाणसामान भरतात.

इनुविकात घरं खांबांवर उभी आहेत आणि पाण्याचे, सांडपाण्याचे नळ जमिनीवरून पेटीतून नेलेत, कारण पुरले तर जमीन वितळेल. इथे सूर्य मावळतच नाही. पहिल्या दिवशी आई विचारत होती, दिवेलागण कधी करायची? शेवटी घड्याळात सात वाजले की व्हॅनच्या ओट्यावर निरांजन लावते. बाहेर टळटळीत ऊन.

उद्या तुक्तोयाक्तुक, समुद्रापर्यंत. तो १३८ किलोमीटरचा रस्ता २०१७ला झाला, आणि मुख्य काम भर हिवाळ्यात, जमीन कडक असताना. तिथला किनारा मात्र खचतोय, काही घरं उचलून आत न्यावी लागली आहेत.

तू म्हणतेस, नवं काम मिळत नाही, नुसती डागडुजी आणि मोऱ्या. मला विचारशील तर सातपुड्यातली ही बदली तू दोन वर्षं तरी सोडू नकोस. आर्द्रा लागल्या असतील. पाऊस पडत असताना, थांबल्यावर नाही, तुझ्या हद्दीतला घाट एकदा चालून ये, सोबत तिथला सगळ्यात जुना मजूर घे, आणि पाणी कुठून रस्त्यावर येतं ते वहीत काढून ठेव. वही मला ऑगस्टमध्ये बघायची आहे.

मेतकूट संपलं. आई म्हणते, तुला दिलेल्या बरणीतलं थोडं राखून ठेव.

तुझा,
बाबा