दंड नको, शिक्का हवा : दुचाकीवरच्या कपड्यांबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

महोदय, सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातले नवे दंड लागू झाले, तेव्हा मोबाइलवर एक यादी फिरत होती. हाफ शर्टला दंड, लुंगी-बनियनला दंड, पायात चप्पल असली तरी दंड. आपल्या कार्यालयाने त्याच महिन्यात खुलासा केला की असा कुठलाही दंड नाही. खुलासा योग्य होता आणि तो तसाच राहावा, असे आमचे मत आहे. रात्री शेतातला पंप बंद करून परतणाऱ्याला चौकात अडवून चपलेची पावती फाडली तर त्याची चप्पल सुटणार नाही, चिरीमिरीचा आणखी एक दर मात्र ठरेल.

पण त्या खुलाशानंतर कपड्यांचा विषयच मिटला, तो कायमचा. काय घालावे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न, हे मान्य. मात्र ज्याला स्वतःहून, दुचाकीवरून पडल्यास अंग वाचवतील असे धड कपडे घ्यायचे आहेत, त्याला दुकानात खरा माल कोणता हे ओळखता येत नाही. आणि ओळखलाच, तर सरकार त्यावर महागड्या फॅशनच्या कपड्यांइतकाच कर घेते. या दोन गोष्टी काही मर्जीच्या नाहीत.

हेल्मेट आधी, याबद्दल वाद नाही. आपल्याच मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात दुचाकीवर मेलेल्यांची संख्या ७४,८९७ आहे, आणि हेल्मेट नसताना मेलेल्यांची ५०,०२९. पण जे वाचतात त्यांचे काय? गवंडी, शिंपी, वायरमन, पार्सल पोचवणारा मुलगा, यांचे मनगट किंवा घोटा गेला की रोजगार गेला. त्या अहवालात हेल्मेटचा तक्ता आहे. पडला तेव्हा अंगात आणि पायात काय होते, याचा नाही.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी आडवी झाली की माणूस कोरड्या डांबरावर साधारण १५ ते १७ मीटर घसरतो, म्हणजे दोन-अडीच सेकंद. साधी सुती जीन्स अशा घासण्याला सेकंदभरही टिकत नाही, शर्टाचे आणि सलवारीचे तर विचारूच नका. उरलेला वेळ कातडी घासली जाते. आपल्या आवडत्या सिमेंटच्या रस्त्यांवर पाणी निघून जावे म्हणून आडव्या खाचा मारतात; टायरला त्या चांगल्या, उघड्या कोपराला ती किसणीच. ट्रॅकपँट, लेगिंग, जिमचा टीशर्ट असे पातळ पॉलिस्टरचे कपडे तर घर्षणाने तापून वितळतात आणि जखमेत चिकटून बसतात. ते चिमट्याने सोडवावे लागतात.

हाताची गोष्ट वेगळी आहे. पडताना तळवा आपोआप पुढे जातो, हे कुणाला शिकवून थांबत नाही. तळव्याची टाच रस्त्यावर रुतते, अंग पुढे सरकते, मनगट मागे मोडते. तिथले स्कॅफॉइड नावाचे लहान हाड अनेकदा यातच तुटते आणि रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते जुळायला फार वेळ घेते. म्हणून चांगल्या हातमोज्याला तळव्याच्या टाचेवर गुळगुळीत कडक प्लास्टिकचा तुकडा, स्लायडर, किंवा निदान दुहेरी चामडे असते, म्हणजे हात रुतण्याऐवजी घसरतो. बोटांवरच्या सांध्यांना दिसायला भारी कवच, पण तळवा एकपदरी रेक्झिनचा, असे हातमोजे बाजारात ढिगाने आहेत. पारखायची रीत सोपी आहे : मनगटाचा पट्टा नीट आवळायचा आणि दुसऱ्याला बोटांची टोके धरून जोरात ओढायला सांगायचे. मोजा हातातून निघाला, तर तो रस्त्यावरही निघणार. आणि उन्हासाठी घालतात त्या बाह्या व लोकरीचे मोजे या हिशेबात धरूच नयेत.

ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मोटरसायकलचे हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका न घातलेल्यांपेक्षा ५९ टक्क्यांनी कमी होता, मोटरसायकलची पँट घातलेल्यांना ५१ टक्क्यांनी, जॅकेटवाल्यांना २१ टक्क्यांनी. घोटा झाकणारा साधा बूट, मोटरसायकलसाठी बनवलेला नसला तरी, कॅनव्हासच्या किंवा खेळाच्या बुटापेक्षा पावलाला पुष्कळ वाचवतो, असेही त्यात दिसले. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि आमच्या लेखी तोच महत्त्वाचा : खास मोटरसायकलसाठी म्हणून विकलेल्या जॅकेटांपैकी जवळपास ३० टक्के अपघातात फाटली. नाव रायडिंग जॅकेट, काम साध्या जॅकेटचे. 

आपल्याकडे काय चालते ते कुठल्याही मोठ्या शहरातल्या ॲक्सेसरीजच्या गल्लीत दिसेल. जॅकेटच्या कोपराशी पॅडसाठी असलेल्या खिशात हात घातला तर स्पंज निघतो. बोटांनी दाबला की पार चपटा होतो, कारण तो सोफ्याचाच असतो. कापड ६०० डेनियरचे, म्हणजे जाड धाग्याचे असते, पण शिवण एकेरी आणि दोरा साधा. घसरताना कापड फाटायच्या आधी शिवण उसवते आणि बाही खांद्यापासून सुटते. जाळीच्या जॅकेटात खांदा आणि कोपरही जाळीचेच असतात. खरे तर तेवढे दोन भाग तरी भरीव कापडाचे हवेत. माप ढगळ असते, म्हणून पॅड कोपरावरून गोल फिरून आतल्या बाजूला जातो. हे तपासायला हँडल धरल्यासारखा हात वाकवून दुसऱ्याकडून बाही पिळून घ्यावी. पॅड हलला तर जॅकेट एक माप लहान घ्यायचे किंवा बाहीला पट्टा लावून घ्यायचा.

खऱ्या पॅडवर मोटरसायकलस्वाराचे छोटे चित्र छापलेले असते, शेजारी ईएन १६२१-१ हा युरोपीय मानकाचा क्रमांक, खांद्यासाठी एस, कोपरासाठी ई, गुडघ्यासाठी के अशी अक्षरे आणि १ किंवा २ ही पातळी. ५० जूलचा आघात केला असता पॅडच्या पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा कमी बळ पोचले तर पहिली पातळी, २० पेक्षा कमी पोचले तर दुसरी. जॅकेट आणि पँटच्या कापडासाठी युरोपात २०२० पासून ईएन १७०९२ आहे. त्यातली ए श्रेणी शहरातल्या वेगाची, ढोबळ मानाने ४५ किलोमीटरची, एए ७० ची आणि एएए १२० ची. नोकरीला जाणाऱ्या-येणाऱ्याला ए पुरते. पण हे सगळे अक्षरवाचन ग्राहकाने करायचे आणि छापील खोट्या शिक्क्यातून खरा ओळखायचा, ही अपेक्षाच चुकीची आहे. हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, तो आपल्याच मंत्रालयाच्या २०२० च्या आदेशाने. जॅकेट, पँट, हातमोज्यांना तसा सक्तीचा शिक्का नाही. तो आणावा, आणि घालणाऱ्यावर नव्हे, विकणाऱ्यावर आणावा. ज्याला साधा शर्ट घालायचा त्याने घालावा. ज्याने ‘रायडिंग’ हा शब्द लिहून माल विकला, त्याच्याकडे चाचणीचा कागद असावा.

फक्त युरोपचे मानक जसेच्या तसे उतरवून घेऊ नये. पॅडची नेहमीची चाचणी प्रयोगशाळेतल्या २३ अंशांना होते. ४० अंशांची चाचणी त्यांच्याकडे ऐच्छिक आहे. ती पार केलेल्या पॅडवर टी आणि अधिकचे चिन्ह असते. आघात झाल्यावर घट्ट होणारे मऊ पॅड उन्हात आणखी मऊ पडतात आणि त्यांचे संरक्षण घटते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. गाडीवर अडकवून ठेवलेल्या काळ्या जॅकेटच्या आत किती होत असेल हे आपल्याला सांगायला नको. आपल्याकडे ही चाचणी ऐच्छिक ठेवण्यात काहीच अर्थ नाही. ती सक्तीची असावी, आणि ४० ऐवजी ५० अंशांना घ्यावी.

आता कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, स्वागत आहे. त्याच दिवशी २,५०० रुपयांपर्यंतचे कपडे ५ टक्क्यांत गेले आणि त्यावरचे १२ वरून १८ टक्क्यांत. मूळ किंमत ७,००० रुपये असलेल्या कापडी जॅकेटवर आधी ८४० रुपये कर होता, आता १,२६०. म्हणजे गाडी स्वस्त आणि गाडीवरचे जॅकेट महाग. धड पॅड असलेले नवे जॅकेट २,५०० च्या आत क्वचितच बसते. आत बसवायचे म्हटले की सगळ्यात आधी पॅड जातात आणि स्पंज येतो. कराची ही रेषाच वाईट मालाच्या बाजूने उभी आहे. जीएसटी परिषद आपल्या अखत्यारीत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण चाचणी झालेल्या रायडिंग कपड्यांना किमतीची अट न लावता ५ टक्क्यांत घ्या, असे पत्र आपल्या मंत्रालयाकडून गेले तर त्याला वजन असेल. ब्रिटनमध्ये मोटरसायकलच्या हेल्मेटवर व्हॅटचा दर शून्य आहे, तेव्हा सुरक्षेच्या वस्तूला वेगळे काढणे अशक्य नाही.

‘आपल्याकडच्या उन्हात हे कोण घालणार?’ हा नेहमीचा प्रश्न, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. चालत्या गाडीवर जाळीच्या जॅकेटातून वारा खेळतो. सिग्नलला थांबले की तेच जॅकेट नकोसे होते. नागपुरात उन्हाळ्यात सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात, त्या प्रत्येक शहरात हव्यात. पण हवा अंगापेक्षा गरम असते तेव्हा उघड्या हातावर लू घेणे हे गार राहण्याचे साधन नव्हेच. म्हणून तर विदर्भात माणूस डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दुपारी बाहेर पडतो. आत सुती बनियन पाण्यात भिजवून पिळून घातले आणि वर फिक्या रंगाचे जाळीचे जॅकेट असले, तर बनियन वाळेपर्यंतचा प्रवास सुसह्य होतो. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून मोटोकॅप नावाची सरकारी मदतीची योजना दुकानातून कपडे विकत घेऊन तपासते आणि संरक्षणाचे तारे वेगळे, हवा खेळण्याचे वेगळे, असे दोन गुण जाहीर करते. भारतीय शिक्क्यासोबत हा दुसरा गुण छापला तर इथला ग्राहक तोच आधी वाचेल. वाचू द्या.

सगळे एकदम होणार नाही, तर हातमोज्यांपासून सुरुवात करावी. फ्रान्सने नोव्हेंबर २०१६ पासून हेल्मेटखेरीज फक्त प्रमाणित हातमोजे सक्तीचे केले. शेजारच्या बेल्जियमने २०११ पासून जॅकेट, लांब पँट, हातमोजे आणि घोट्यावरचे बूट असे सगळेच. त्यांचा दंड आपल्याला नको, फ्रान्सने लावलेला क्रम मात्र शहाणपणाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार नव्या दुचाकीबरोबर उत्पादकाने हेल्मेट द्यायचे असते (त्या हेल्मेटचे पुढे काय होते, हा वेगळ्या पत्राचा विषय). त्यातच प्रमाणित हातमोज्यांचा एक जोड घाला. बाइक टॅक्सी आणि घरपोच सेवेच्या कंपन्या चालवणाऱ्याला नाव छापलेला टीशर्ट देतात. त्याच पैशांत थोडी भर घालून हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड द्यायला त्यांना परवान्याच्या अटीत बांधता येईल.

बुटांसाठी नवे काहीच नको. आपल्याकडच्या बहुतेक कम्युटर गाड्यांना टाच-पंजा असा दुहेरी गिअर असतो, त्यामुळे कारखान्यातला जाड नाकाचा सेफ्टी बूटही चालतो. नुसत्या पंजाच्या गिअरखाली मात्र तो अडकतो. तिथे घोट्यापर्यंतचा साधा चामडी बूट, नाडी आत खोचून.

राहिला रोजच्या कपड्यांचा असा एक भाग, ज्यासाठी नियम आधीच आहे. नियम १२३ म्हणतो की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे साधन दुचाकीला असले पाहिजे. तेच आपले साडी गार्ड. बहुतेक गाड्यांना ते डाव्या बाजूलाच असते, कारण बायका एका बाजूला पाय सोडून बसतील असे धरलेले आहे. आता सलवार-कुर्ता, जीन्स घातलेल्या मुली दोन्हीकडे पाय टाकून बसतात, ओढणी उजवीकडेही लोंबते, आणि तिकडे चाक उघडे. ताशी ४० किलोमीटरला मोटरसायकलचे चाक सेकंदाला सुमारे सहा वेळा फिरते. अडीच मीटरची ओढणी आवळली जाऊन गळ्याला फास बसायला हात वर जाण्याइतकाही वेळ मिळत नाही. ओढणीची दोन्ही टोके पुढे आणून छातीवर फुली करायची, कमरेभोवती नेऊन बाजूला गाठ मारायची, गाठीपुढे वीतभरापेक्षा जास्त टोक ठेवायचे नाही. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचायचा. बुरख्याचा घेर मांडीखाली दाबून बसायचे. लांब रेनकोटचा मागचा घोळही तसाच, शिवाय तो सायलेन्सरला लागून वितळतो.

गार्ड काढून टाकण्याची फॅशन आहे, आणि खासगी दुचाकी १५ वर्षांनी पुनर्नोंदणीला येईपर्यंत ते आहे की नाही हे पाहायला कुणी नसते. पीयूसी केंद्रात गाडी नियमाने येतेच आणि तिथे नंबरप्लेटचा फोटो काढतात. त्याच फोटोत मागचे चाक दिसेल असा कोन ठरवून द्यावा, आणि नव्या मॉडेलला मंजुरी देताना उजव्या बाजूचे गार्डही तपासावे. यासाठी कायद्यात एक अक्षरही बदलावे लागणार नाही.

आपले,
दुचाकी शिकवणारे आणि रायडिंगचे कपडे शिवणारे-दुरुस्त करणारे काही जण