टाकीची जागा आधी, मासे मागाहून

सातारा,
भाऊबीज

प्रिय रव्या,

तुझं पत्र मिळालं, घराचे फोटोही बघितले. हॉलच्या त्या भिंतीला समुद्री माशांची सहा फुटी टाकी शोभून दिसेल यात शंका नाही. तरी स्पष्ट सांगतो, सहा फुटी घेऊ नकोस. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि वीस इंच उंच घे. तुला खाऱ्या पाण्याचं वेड लागलंय म्हटल्यावर मला किती आनंद झालाय ते काय सांगू! म्हणूनच सगळं सविस्तर लिहितोय.

आधी वजन बघ. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत जवळजवळ 680 लिटर पाणी मावतं. काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालची संपची टाकी (वरचं पाणी जिथे उतरून साफ होतं आणि पंपानं परत वर जातं ती) धरली की सगळं टनाच्या पुढे जातं. घराच्या स्लॅबवर साधारण चौरस मीटरला 200 किलो भार धरून हिशेब केलेला असतो. मी सांगतो त्या मापात पाणी 375 लिटरच्या आसपास राहील. तेही हलकं नाही, पण इंजिनिअरला बोलावून बीम कुठून गेलाय ते बघितलं आणि टाकी त्याच्यावर, भिंतीला लागून ठेवली, तर जमण्यासारखं आहे. तळमजल्यावर हा प्रश्नच आला नसता, पण सांगलीच्या गावभागात तळमजल्याचं नाव कोण घेणार! 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा तुम्ही नानांना होडीतून बाहेर काढलं होतंत. टाकी वरच्याच मजल्यावर हवी.

काचेवाला कदाचित कमी रुंदीची आणि जास्त उंचीची टाकी सुचवेल, कारण ती दिसायला भव्य असते. ऐकू नकोस. रुंदी असली की दगडांमागून पाणी खेळतं, माशांना लपायला जागा मिळते आणि तळापर्यंत तुझा हात पोचतो. काच 12 मिलिमीटरची सांग आणि वरून काचेच्या पट्ट्या लावून घे. पाणी खाली संपमध्ये नेण्याचं भोकही बांधतानाच पाडून घे.

आता पाणी. तुझ्या पत्रात आहे की शेतातलं बोअरचं पाणी नाहीतरी खारटच आहे, ते चालेल का. अजिबात नाही. तुमच्याकडच्या क्षारपड रानातला खारटपणा वेगळा, समुद्राचा वेगळा. त्या पाण्यात खतांतलं नायट्रेट उतरलेलं असतं आणि महिनाभरात टाकी शेवाळानं हिरवी होईल. रत्नागिरीहून कॅन भरून आणायचाही विचार करू नकोस. किनाऱ्याचं पाणी पावसाळ्यात पातळ होतं आणि त्यातले सूक्ष्म जीव कॅनमध्येच मरून कुजायला लागतात. आरओ फिल्टरच्या पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लाव, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवेल असं पाणी घे आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठ कालव. लिटरला 35 ग्रॅम हा समुद्राचा हिशेब, म्हणजे संप धरून तुला पंधरा किलोच्या आसपास लागेल. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर घनता 1.025 आली की झालं. हे काम प्लॅस्टिकच्या बादलीतच कर, घरातलं तांब्याचं भांडं जवळ आणू नकोस. तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी आणि शंखवर्गातले जीव जगत नाहीत.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागं राहतं. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याचीच, त्याच शून्य टीडीएसच्या पाण्याची घालायची. नवीन माणूस इथंच गोंधळतो आणि खारं पाणी ओतत राहतो. तापमान 25-26 अंशांवर राहायला हवं. सांगलीचा वैशाख पंख्यानं आटोक्यात येणार नाही, तेव्हा पाणी गार करणाऱ्या चिलरचे पैसे आत्ताच बाजूला ठेव. सहा फुटीतून वाचलेले पैसे तिथे लागतील.

लाइट गेली की वरचं पाणी पाइपातून संपमध्ये उतरतं, म्हणून संप कधी काठोकाठ भरायचा नाही. प्लग काढून एकदा हे स्वतः बघ. पुराच्या दिवसांत वीज कितीतरी दिवस येत नाही हे तू अनुभवलंयस. तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच आणि मासेही मोजकेच हवेत. गर्दी असली की प्राणवायू काही तासांत संपतो.

प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र, चांगल्यातला घे. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि फेसाबरोबर वरच्या कपात चढते. आठवड्यानं तो कप उघडलास की काळपट चहासारखं, नाक मुरडायला लावणारं पाणी निघेल. ते सगळं माशांच्या अंगाभोवतालचं गेलं, या समाधानापुढे वासाचं काही वाटत नाही. स्किमरचा पंप खोलीतलीच हवा ओढतो, म्हणून वहिनींना सांग, त्या खोलीत डासांचा स्प्रे मारायचा नाही. त्यातलं औषध माशांना आणि कोळंबीला फार घातक असतं.

पाणी, वाळू, दगड घातले की चार ते सहा आठवडे मासा आणायचा नाही. घाणीतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते जिवाणू दगडांवर वसायला वेळ लागतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग पहिली जोडी.

ती जोडी क्लाउनफिशचीच, त्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांचीच आण आणि हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढलेलीच माग. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं (सीएमएफआरआय) त्यांची पैदास करून दाखवली आहे, त्यामुळे समुद्रातून ओरबाडलेला मासा घ्यायचं कारण उरत नाही. दोन लहान पिल्लं आण. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात, त्यातला दांडगा पुढे मादी होतो. माझ्याकडची मादी सपाट दगडावर नारिंगी अंडी घालते आणि नर दिवसभर तिथे पंखांनी वारा घालत उभा असतो. मेलेलं अंडं दिसलं की तोंडानं उचलून काढतो. हे बघताना माझा चहा गार होतो, रव्या!

मुलीला तो निळा ब्लू टँग मासा हवाय ना? तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला लांब मैदान लागतं. चार फुटीत त्याचे हाल होतील. तिला समजावून सांग, ऐकेल ती. प्रवाळही नको. वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या समुद्रातल्या प्रवाळाला संरक्षण आहे, ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. दुकानदार ‘परदेशी आहे’ म्हणून हातात ठेवेल, तरी घेऊ नकोस. समुद्रघोड्याचंही तेच. टाकीतल्या दगडांवर शेवाळाचा जांभळट थर चढू लागला की टाकी अशीच सुंदर दिसते.

काचेची ऑर्डर इंजिनिअर येऊन गेल्याशिवाय देऊ नकोस. त्याआधी एखाद्या रविवारी सगळे इकडे या, माझा संप आणि पाइपांची जोडणी उघडून दाखवतो. मापं घ्यायला वही आण. नानांना नमस्कार, वहिनींना भाऊबिजेच्या शुभेच्छा, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
अव्या