गडकरी साहेब, माझ्या पापण्या मोजा, पण मला ड्युटी लावणाऱ्याचे तासही मोजा

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय: स्पीड गव्हर्नर, जीपीएस आणि ड्रायव्हरवर नजर ठेवणारे कॅमेरे

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातला टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर. बिल्ला मिळून 24 वर्षं झाली. पहिली 13 वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर गेली. आता स्वतःची एक गाडी आहे, हप्ते चालू आहेत, आणि ती एका वेंडरकडे, म्हणजे भाडी देणाऱ्या ठेकेदाराकडे, अटॅच केलेली आहे. सातारा ते मुंबई विमानतळ हा माझा नेहमीचा रस्ता. खंबाटकी, कात्रजचा बोगदा, लोणावळ्याचा घाट, हे सगळं आम्ही झोपेत चालवतो असं आमच्या स्टँडवर गमतीनं म्हणतात. हे पत्र त्या गमतीबद्दलच आहे.

आधी स्पीड गव्हर्नरचं, म्हणजे गाडीचा वेग ठरावीक आकड्यावर बांधणाऱ्या डबीचं, सांगतो, कारण त्याबद्दल मला जे वाटतं ते माझ्या दोस्तांना पटत नाही. 2015 च्या नियमात आमच्या छोट्या टॅक्सींना सूट होती. 2017 च्या मे महिन्यात ती गेली आणि गाड्या 80 ला बांधल्या गेल्या. तेव्हा स्टँडवर आपल्याला काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. मीही बोललो होतो. दोन पदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना, समोरून एसटी येत असताना, गाडी एकदम गळा आवळल्यासारखी होते, तेव्हा आजही तोंडातून शिवी जाते. समृद्धीवर शेजारून खाजगी गाड्या 120 नं जातात आणि आम्ही आपले डाव्या बाजूनं, दिंडीतल्या शेवटच्या वारकऱ्यासारखे.

पण वर्षभरातच एक गोष्ट लक्षात आली. विमानतळाचं भाडं असलं की पॅसेंजर उशिरा खाली येतो, बॅगा भरतो, खंडाळ्याला चहाला थांबतो, आणि पनवेलच्या पुढे आल्यावर म्हणतो, “अहो, जरा दाबा ना, फ्लाइट जाईल.” पूर्वी मी दाबत होतो. 110, 120, कधी त्याच्याही वर. न दाबून करतो काय? तो वेंडरला फोन लावणार, वेंडर मला झापणार, रेटिंग पडणार. आता मी म्हणतो, “साहेब, गव्हर्नर आहे. पाय फळीला लागला तरी ऐंशीच्या वर जात नाही.” तो गप्प बसतो. रागावतो, पण माझ्यावर नाही, सरकारवर. साहेब, तुमच्या नावानं बोटं मोडली गेली असतील त्याची माफी मागतो, पण 24 वर्षांत ‘नाही’ म्हणायचं बळ मला फक्त त्या डबीनं दिलं.

आपल्याच मंत्रालयाचा 2022 चा अहवाल सांगतो की त्या वर्षी रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातले 71 टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगामुळे. पंचनाम्यात ‘अतिवेग’ लिहिणं सगळ्यात सोपं असतं, हे रस्त्यावरचा कुणीही सांगेल. तरीही मी त्या आकड्याशी भांडत नाही. वेग माणूस मारतो. मी बघितलं आहे.

म्हणून माझी तक्रार ‘यंत्र नको’ अशी नाही. पासिंगच्या दिवशी लागणारा आणि घरी येईपर्यंत सुटणारा गव्हर्नर मी पाहिलेला आहे. कुठल्या गावचा ते विचारू नका. नव्या गाड्यांना जीपीएस आणि पॅनिक बटण आलं, त्याचे पैसे भरले, रिचार्ज भरतो, सर्टिफिकेट काढतो. एकदा मागच्या सीटवरच्या लहान मुलानं खेळता खेळता ते लाल बटण दाबलं. मी गाडी बाजूला घेऊन थांबलो, म्हटलं आता फोन येईल, पोलीस येतील, सांगावं लागेल की चुकून झालं. आठ महिने झाले. अजून कुणी विचारलेलं नाही. पोरगं मात्र आता बटणाला घाबरतं.

आता मुद्द्यावर येतो. 2025 साली आपल्या मंत्रालयानं मसुदा काढला, त्यात मोठ्या बस-ट्रकमध्ये ड्रायव्हरला पेंग आली की इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करायचं म्हटलं आहे. तो मसुदा आमच्या गाड्यांचा नाही, हे मला ठाऊक आहे. गव्हर्नरही आधी आमचा नव्हता. आणि कायदा यायच्या आधीच आमच्या वेंडरनं सगळ्या गाड्यांत आतल्या बाजूनं कॅमेरा बसवून घेतला. पापणी जड झाली, जांभई आली, मान वळली की तो पीक-पीक करतो आणि त्याची नोंद वेंडरच्या ऑफिसात जाते. महिन्याला पाच नोंदी झाल्या की पैसे कापतात.

2012 च्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. लग्नसराई होती, मी शेठच्या गाडीवर होतो. सकाळी सहाला महाबळेश्वर, तिथून संध्याकाळी पुणे, पुण्यातून रात्री मुंबई. मुंबईत गाडी लावून दोन तास पडलो तर शेठचा फोन, पहाटेचं एक भाडं साताऱ्याला यायचं आहे, रिकामा येऊ नकोस. मी म्हटलं, शेठ, डोळे उघडत नाहीत. शेठ म्हणाला, तोंडावर पाणी मार. खंबाटकीच्या अलीकडे मी कठड्याला गाडी घासत साठ-सत्तर फूट नेली. मागे नवरा-बायको आणि त्यांची म्हातारी आई. कुणाला खरचटलंही नाही, माझ्या आईच्या पुण्याईनं. काट्यावर तेव्हा वेग किती होता माहीत आहे? साठच्याही आत. गव्हर्नर असता तरी काही केलं नसतं त्यानं. कॅमेरा असता तर वाजला असता, हे कबूल. जागा झालो असतो, पुढे पाच किलोमीटर गेलो असतो, परत वाजला असता. आणि महिनाअखेरीस शेठनं माझा पगार कापला असता, झोपलो म्हणून. गाडीची डेंटिंग-पेंटिंग तशीही माझ्याच पगारातून झाली.

गव्हर्नरमध्ये आणि या कॅमेऱ्यात मला हा फरक दिसतो. गव्हर्नर पॅसेंजरला आणि शेठला अडवतो. कॅमेरा फक्त मला पकडतो.

साहेब, सप्टेंबर 2021 मध्ये आपणच बोलला होता की विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरले पाहिजेत, आणि गाडीत झोप ओळखणारा सेन्सर असला पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलला होता. आमच्या स्टँडवर ती बातमी मोबाइलवर फिरली, पेढे वाटायचेच बाकी होते. आता सेन्सरचा मसुदा आला. तासांचं काय झालं? बरं, तास कागदावर नाहीत असंही नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 लिहिले होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 91 वं कलम त्याच तासांकडे बोट दाखवतं. 2020 च्या ॲग्रिगेटरच्या, म्हणजे ॲपवरून कॅब देणाऱ्या कंपन्यांच्या, मार्गदर्शक सूचनांत तर 12 तास लॉगिन झालं की 10 तास सक्तीची विश्रांती होती. पुण्यात कुठल्याही कॅबच्या काचेमागे बघा, दोन दोन फोन लावलेले दिसतील. एका ॲपचे बारा तास संपले की दुसऱ्या ॲपचे सुरू. बेरीज करायला कुणी बसलेलं नाही.

माझी मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं मला युरोपातले नियम मराठीत वाचून दाखवले. तिथे जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादा ओळखून इशारा देणारी यंत्रणा लागते, पण ती ड्रायव्हरला बंद करता येते. पेंग ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल त्यांनी कायद्यातच लिहून टाकलं आहे की तिनं सतत रेकॉर्डिंग करायचं नाही, माहिती गाडीच्या आतच राहील, काम झालं की लगेच पुसली जाईल आणि तिसऱ्या कुणाला ती कधीच मिळणार नाही. आणि त्यांच्या ट्रकवाल्यांचा कायदा वेगळाच. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. हे तास गाडीतलं यंत्र लिहून ठेवतं. जास्त किलोमीटर मारले म्हणून जास्त पैसे, असं आमिष मालकानं दाखवून ड्रायव्हरला नियम मोडायला लावायचं नाही, आणि नियम मोडला गेला तर मालकालाही उत्तर द्यावं लागतं. मी तिला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

म्हणजे तिथे पापणीची नोंद पुसतात आणि तासांची नोंद ठेवतात. आपल्याकडे नेमकं उलटं चाललं आहे.

नोंदीची भीती का वाटते, तेही सांगतो. जुलै 2019 मध्ये आपणच राज्यसभेत सांगितलं होतं की ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या सरकारी नोंदींमधली गाड्यांची आणि लायसनची माहिती 87 खाजगी कंपन्यांना दिली आणि त्यातून सरकारला 65 कोटी मिळाले. पुढच्या वर्षी ते माहिती विकायचं धोरण रद्द झालं, बरं झालं. पण माझ्या लायसनची माहिती एकदा बाजारात जाऊन आलेली आहे. उद्या माझ्या जांभया विमा कंपनीकडे गेल्या, हप्ता वाढला, तर मी कुणाच्या दारात उभा राहू?

ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलात. त्यावर आमच्यातलेच काही हसले, मी नाही हसलो. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून बघावं म्हणजे कळतं. ड्रायव्हर हा माणूस आहे हे आपल्याला दिसतं, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितो आहे, दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

कॅमेरा लावा. माझ्या गाडीतही लावा. वाजू दे माझ्या कानाशी, पण त्याची नोंद वेंडरच्या ऑफिसात जायला नको. आणि गाडी किती तास चालली हे जीपीएसला आजही कळतं, त्याचं रिचार्ज मीच भरतो. त्याच जीपीएसला ड्रायव्हरचा लायसन नंबर जोडा, म्हणजे शेठ कितीही असोत, ॲप कितीही असोत, बेरीज एकच होईल. तास भरले की नवी ड्युटी लागूच नये, आणि लावली तर दंडाचं चलन ड्युटी लावणाऱ्याच्या नावावर निघावं. म्हणजे पहाटे फोन आला की मला म्हणता येईल, “शेठ, तास संपले. सिस्टीम घेत नाही.”

पुढच्या महिन्यात माझ्या गाडीचं पासिंग आहे. गव्हर्नरचं सर्टिफिकेट, जीपीएसचं सर्टिफिकेट, पीयूसी, विमा, टॅक्सची पावती, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं आहे. मागच्या वर्षी ही गाडी कुणी, किती तास, कुणाच्या सांगण्यावरून चालवली, हा कागद त्यात नाही, कारण तो कुणी मागत नाही. तो मागायला सुरुवात करा.

आपला,
टुरिस्ट गाडीचा एक ड्रायव्हर
जि. सातारा