माई, तुझा अर्ज मी वाचणार नाही

२८ डिसेंबर २०२५

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

गावातल्या अपंगांवर खर्चायच्या पैशाबद्दल तू फोनवर पाठवलेला अर्ज पोचला. दादाकडून कागदावर छापून घेतला आणि दोनदा वाचला. चूक शोधायला गेलो तर एकच सापडली, 'घरपट्टी'तली वेलांटी. बाकी असा अर्ज आपल्या ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनाही लिहिता येणार नाही. पण माई, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो मी वाचणार नाही. तू लिहिलंयस, 'माझं बोलणं कुणाला कळत नाही, आप्पा, तुम्हीच वाचा.' मला तेच नको आहे. रागावू नकोस. कारण लांबलचक आहे म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर मी तुझ्या मध्येच बोलतो, हे तुलाही ठाऊक आहे.

गोठ्यातली तीनचाकी आठवते ना? तू आठवीत होतीस. ग्रामसभेत मी उठलो आणि म्हणालो, माझ्या पोरीला गाडी मिळाली पाहिजे. चांगला दहा मिनिटं बोललो. त्या काळी गवंड्यानं एवढं बोलणं म्हणजे नवलच. टाळ्या पडल्या, आणि तालुक्याच्या शिबिरात गाडी मिळालीसुद्धा. हार, फोटो सगळं झालं. घरी आणल्यावर तुला बसवलं, तेव्हा कळलं की ती हातानं पायडल फिरवायची गाडी आहे. तुझी बोटं भाकरीचा तुकडा धरतानाच इतकी झुंजतात, ती लोखंडी मूठ काय फिरवणार! मी देणाऱ्यांवर चिडलो, पण त्यांनी चूक काय केली? मी 'गाडी' म्हणालो, त्यांनी गाडी दिली. कसली हवी, हे तुला त्यांनी विचारलं नाही आणि मीही नाही. दहा वर्षं ती गाडी गोठ्यात पडून होती, तिच्या सीटवर तांबडी कोंबडी अंडी घालायची.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या बोर्डासमोरचंही मला विसरता येत नाही. डॉक्टरांनी तुझ्याकडं बघून मला विचारलं, 'हिला समजतं का?' मी म्हणालो, 'हो साहेब, हिला सगळं समजतं, दहावीत आहे.' पुढचा प्रश्न त्यांनी तुला केला, तू तोंड उघडलंस, पहिला शब्द यायला तुला वेळ लागतो, तेवढ्यात उत्तर मीच देऊन मोकळा. तिसऱ्या वेळी तू माझा सदरा ओढलास आणि म्हणालीस, 'आप्पा... थांबा.' डॉक्टर हसले, मीही हसलो, पण घरी येईपर्यंत एसटीत तू माझ्याशी बोलली नाहीस. तुझं वाक्य पुरं करणं म्हणजे माया, असं मला वाटायचं. लोकांना वाट बघायला लागू नये, तुला त्रास होऊ नये, एवढाच विचार. पण तू म्हणणार असायचीस एक आणि मी पुरं करायचो भलतंच.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, जी मी तुला नीट कधी सांगितली नाही. शाळेचा रॅम्प मीच बांधला. ठेकेदाराकडं रोजावर होतो तेव्हा. इस्टिमेटात लिहिलं होतं, 'रॅम्प, नग १'. लांबी, उतार काही नाही. शाळेचं जोतं दोन फूट. मी सहा फुटांत चढवला, वर छान घोटून गुळगुळीत कोबा केला, फोटो निघाला, बिल निघालं. माझ्या घरात चाकाची खुर्ची होती आणि माझ्या हाताला ते कळलं नाही. हा रॅम्प कुणी चढणार आहे, असं माझ्या डोक्यातच नव्हतं. तो इस्टिमेटातला एक नग होता.

हिशेब सोपा आहे, आता मला पाठ आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट, सुरुवातीला आणि शेवटाला सपाट जागा वेगळी, दोन्ही बाजूंना धरायला पाइप, कडेला चाक घसरू नये म्हणून उंचवटा, आणि वर घोटाई नाही, खरखरीत फिनिश. हे सगळं सरकारी मार्गदर्शक पुस्तिकेत छापलेलं आहे, तूच मला पाठवलंस. पस्तीस वर्षं थापी हातात आहे, पण कुठल्या इंजिनिअरनं हे मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, ते सोड.

गेल्या वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान त्याच शाळेत झालं. त्याआधी घरून मत देण्याचा बारा-डी फॉर्म घेऊन माणूस दारात आला होता. मला बरं वाटलं, म्हटलं पोरीचे हाल वाचले. तू नको म्हणालीस. 'सगळे जातात तिथं मी जाणार.' मला तो हट्ट वाटला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो फॉर्म म्हणजे मोठी सोय आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तू पुण्याहून रजा टाकून आली होतीस, ती काय घरात बसायला? मग आपण गेलो आणि माझ्याच रॅम्पवर अर्ध्यात खुर्ची मागं यायला लागली. चार पोरांनी उचलून वर नेलं. त्यातल्या एकानं व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला, 'माणुसकी अजून जिवंत आहे'. त्याला तो ग्रुपवरून पुसायला लावताना तुला जेवढा वेळ लागला, तेवढा मत द्यायला लागला नाही. मी मात्र रॅम्पकडं बघत उभा होतो.

त्या रात्री तू मला जावेद आबिदींबद्दल सांगितलंस. स्वतः चाकाच्या खुर्चीवर, दिल्लीत माणसं गोळा केली, डिसेंबर १९९५ मध्ये रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात अपंगांचा पहिला कायदा संसदेत पास झाला. पुढं २००४ साली त्यांच्या गटानं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि मतदान केंद्रांवर रॅम्प करा, असा आदेश निघाला. हे ऐकल्यावर मी बराच वेळ जागा होतो. म्हणजे गावोगावच्या शाळांत 'रॅम्प, नग १' लिहायची वेळ आली ती अशा माणसांमुळं. दिल्लीतून निघालेली गोष्ट आपल्या गावापर्यंत पोचली, आणि शेवटच्या सहा फुटांत मी घालवली.

म्हणून तू दिवाळीत यादी दिलीस तेव्हा मी कुरकुर न करता घरोघर फिरलो. सोबत आशाताई होत्या. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात सात नावं आहेत, आम्हाला एकोणीस माणसं सापडली. कायद्यात आता एकवीस प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते, पण गावाच्या डोक्यात अजून एकच आहे: पाय गेलेला माणूस. खालच्या आळीतला शिंपी बहिरा आहे, त्याला कुणी त्यात धरतच नाही, कारण त्याचे कपडे चांगले शिवलेले असतात! त्याच्या पुतण्याला खुणा येतात, तो म्हणाला, काका विचारतायत, ग्रामसभेत कोण काय बोललं ते मला सांगणार कोण? मी गप्प. भजनातल्या आंधळ्या बुवांना मी म्हणालो, तुम्हाला काठी मिळवून देऊ. ते म्हणाले, काठ्या तीन आहेत, तेवढी गटारावरची फरशी बसव. साखरेनं पाय गेलेली एक म्हातारी आहे, तिला यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढायचंय, पण तालुक्याला नेणार कोण? आणि एका घरात आईनं दार अर्धंच उघडलं. आत नऊ-दहा वर्षांचा मुलगा हात हलवत गोल गोल फिरत होता. ती म्हणाली, आमच्यात तसलं कुणी नाही. आशाताईंनी तिला फक्त पाणी मागितलं आणि आम्ही ओट्यावर बसलो. दुसऱ्या आठवड्यात ती आपणहून तुझ्या आईकडं आली. त्या घराचं नाव मी यादीत घातलेलं नाही, ती सांगेल तेव्हा घालू.

बघ, एकोणीस घरांत मी बोलायला गेलो आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी माझा अंदाज चुकला.

पैशाचं सांगतो. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांची मुदत, एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, पूर्वी ३ होते. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं धरून समज ६ लाख जमले तर ३० हजार. आपल्याकडं गेल्या वर्षी जे होते ते रजिस्टरातल्या सात जणांत सारखे वाटून टाकले. तुझ्या नावचे मीच सही करून आणले होते आणि तुझ्या खात्यावर भरले होते, आठवत असेल. तेव्हा मला ते पुण्य वाटलं. बुवांच्या गटाराच्या फरशीला याहून कमी लागले असते, हे आता कळतं. हे सगळं तुझ्या अर्जात आहेच, शिवाय आकडेही आहेत. फक्त एक भर घाल: यादी नव्यानं करा, आणि पैसे कशावर खर्चायचे ते ठरवताना त्या माणसांना बोलवा. नुसते वाटा म्हटलं तर पुन्हा वाटून मोकळे होतील.

३ डिसेंबरला सरपंच घरी आले होते, हे तुला आई बोललीच असेल. तुझा सत्कार करायचा म्हणत होते, शाल, श्रीफळ, 'गावची कन्या'. माणूस वाईट नाही. मी म्हटलं, तिलाच फोन लावा. तू त्यांना काय म्हणालीस ते त्यांनी मला हसत सांगितलं: 'शाल नको, शौचालयाचं दार तीन फुटांचं करा.' हसत सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना टेप घेऊन दार मोजताना मी पाहिलं. दोन फूट एक इंच आहे. तुझं एवढं एक वाक्य, तेही त्यांना दोनदा विचारावं लागलं म्हणे, आणि टेप निघाली. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणावर गोठ्यातली गाडी आली होती.

म्हणून म्हणतो, तू ये.

बोलणं कळत नाही म्हणतेस. ग्रामसभेत कुणाचं कळतं? भाऊसाहेब मागचं इतिवृत्त आगगाडीसारखं वाचतात, त्यातलं एक अक्षर मला आजवर समजलेलं नाही आणि हात मात्र वर करतो. तुला वेळ लागेल, तर लागू दे. अर्जाच्या पन्नास प्रती काढून आधीच वाटू, ज्याला ऐकून कळणार नाही तो वाचेल. तू मोबाइलवर लिहून त्याच्याकडून बोलवून घेतेस तेही चालेल, स्पीकर दादा आणेल. तूच म्हणालीस तर मी तुझं वाक्य पुन्हा मोठ्यानं सांगीन, तसंच्या तसं, एक शब्द जास्त नाही. न सांगता तोंड उघडलं तर सदरा ओढ. एक-दोघं हसतील, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. २५ तारखेला महिला सभा असते. आईचं म्हणणं, आधी तिथं बोल, बचत गटातल्या सगळ्या तुला लहानपणापासून ओळखतात, त्यांना तुझं बोलणं कळतं. आईचा विचार माझ्यापेक्षा चांगला आहे. शिवाय त्या सगळ्या दुसऱ्या दिवशी आल्या तर कोरमची चिंताच मिटेल, नाहीतर शंभर माणसं जमता जमता दुपार होते.

तू मागं म्हणाली होतीस, तमिळनाडूच्या विधानसभेनं गेल्या एप्रिलमध्ये कायदा केला, पंचायतीत दिव्यांग माणूस सदस्य म्हणून नेमायचा. मी ते आपल्या पारावर सांगितलं. एक जण म्हणाला, मग काय, तुझ्या पोरीला बसवायची का? मी पूर्वी उत्तर दिलं असतं. या वेळी म्हणालो, ती २६ तारखेला येणार आहे, तिलाच विचार. 'दिव्यांग' शब्दावर तुझा राग आहे ते माहीत आहे, पण सरकारी कागदावर तोच चालतो, तिथं भांडत बसू नकोस. दिव्यांगांच्या आयुक्तांचं कार्यालय तुझ्या पुण्यातच आहे, गावात दाद लागली नाही तर तिथं तक्रार करायला तुला माझी गरज लागणार नाही.

एक अडचण राहिली. ग्रामसभा वरच्या मजल्यावर होते, चौदा पायऱ्या. उचलून नेऊ, असं दोघं-तिघं प्रेमानं म्हणाले. मी नको म्हणालो. हे मात्र तुला न विचारता म्हणालो, चुकलं असेल तर सांग. शाळेच्या पटांगणात घ्या असा अर्ज दिलाय, पोच घेतलीय. भाऊसाहेब 'बघू' म्हणाले. झेंडावंदन तिथंच असतं, माणसं तिथंच जमलेली असतात, तेव्हा घ्यायला काही अडू नये.

शाळेच्या रॅम्पची परवानगी मुख्याध्यापकांकडून आणि शाळा समितीकडून मिळाली. मजुरी मी घेणार नाही, सिमेंट आणि पाइपाचं बघू. परवा पाण्याची नळी घेऊन लेव्हल काढली, फक्की मारली. सरळ चोवीस फूट नेला तर तो ध्वजस्तंभाला जाऊन भिडतो, म्हणून मध्ये वळवावा लागेल. बारा फूट, मग पाच बाय पाचचा चौक, मग पुन्हा बारा. वळण डाव्या हाताला घ्यायचं की उजव्या, हे मला ठरवता येईना. तुझा डावा हात जास्त चालतो, की खुर्चीचं चाक उजवीकडं बरं वळतं? इतकी वर्षं खुर्ची मीच ढकलली आणि हे मला सांगता येत नाही. खुंट्या दोन्ही बाजूंना ठोकून ठेवल्यात, सुतळी बांधलेली नाही. २४ तारखेला दुपारच्या गाडीनं ये, उन्हं उतरली की शाळेत जाऊ. तू बसून बघ, मग सुतळी ओढू.

तुझा,
आप्पा

ता. क. तीनचाकी पलीकडच्या वाडीतल्या केळीवाल्याला दिली. त्याचे हात दणकट आहेत. आधी तू बरं म्हणालीस, मग त्याला विचारलं, त्यानं दोन चकरा मारून बघितल्या आणि मगच नेली. तांबडीनं मात्र दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. आता आईच्या शिलाई मशीनवर बसते.