गोळी वाढते, कमी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. सुरुवातीला रात्रीची एकच गोळी होती. कानात येणारे आवाज थांबेनात म्हणून दुसरी आली, हात थरथरायला लागले म्हणून तिसरी, मग झोपेची. दर वेळी ‘ही ॲड करतो’ एवढंच ऐकलं. ‘ही काढतो’ असं एकदाही नाही.

दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी साधारण सहा आठवडे देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिन या औषधाचा विचार करायचा असतो. तीनांतल्या एका रुग्णावर ही वेळ येते. आमच्याकडे त्याचं नाव निघायला पाचवं वर्ष उजाडलं. कारण काय, तर ‘रक्ताची कटकट असते’.

कटकट आहेच. या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घटू शकतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यापायी रुग्ण दगावले होते. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी. अठरा शनिवार आम्ही दोघं नौपाड्यातल्या लॅबमध्ये गेलो. पंधराव्या खेपेला तिथला मुलगा म्हणाला, “दादा, आज डावा की उजवा?” भाऊ हसला. कितीतरी महिन्यांनी. रात्री लाळ गळते, उशीवर टॉवेल लागतो. आवाज पुरते गेले नाहीत, पण शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे झालेत म्हणतो.

दोन औषधं जोडून देण्याला माझा विरोध नाही. फिनलंडमधल्याच ६२ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्लोझापिनसोबत अरिपिप्राझोल हे याच आजाराचं दुसरं औषध घेणाऱ्यांना पुन्हा इस्पितळात भरती करण्याची वेळ सर्वांत कमी आलेली दिसली (२०१९). पण त्या जोडीत क्लोझापिन होतं. इथे तेच टाळून बाकीच्यांची मिसळ होते, आणि मिसळीसाठी ठाण्यात दुसऱ्या जागा आहेत. (हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, ते आम्ही एकदा भोगलंय.)

डॉक्टरांना विनंती, की नवी गोळी का दिली आणि तिचा फेरविचार कधी, हे केसपेपरवर लिहावं. आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत या रुग्णांची सीबीसी मोफत व्हावी, रिपोर्ट त्याच दिवशी मिळावा. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त चुकलं, तर परत साडेबारा मिलिग्रॅमपासून चढावं लागतं. गेल्या गणपतीत केमिस्टकडे स्टॉक नव्हता, तेव्हा मी कोपरीपर्यंत सात दुकानं पालथी घातली.

– एक बहीण, नौपाडा, ठाणे
(कृपया नाव छापू नये.)